ओठ फुटलेत? आधी या चुका थांबवा

लालबागला आमचं औषधाचं दुकान आहे. डिसेंबर लागला की काउंटरवर रोज कुणीतरी विचारतं, "मॅडम, ओठांना काहीतरी जालीम द्या, दोन दिवसांत बरं झालं पाहिजे." मुंबईत थंडी कुठे पडते, मग ओठ कसे फुटतात, याचंही लोकांना नवल वाटतं. ओठ फुटतात ते कोरड्या हवेने. डिसेंबर-जानेवारीत सकाळचा वारा जमिनीकडून येतो, त्यात ओल नसते. मार्चमध्ये समुद्रावरचं वारं उशिरा सुटलं की दुपारही तशीच रखरखीत जाते. वर दिवसभर ऑफिसचा एसी. ओठांची त्वचा चेहऱ्याच्या मानाने फार पातळ, आणि तेलग्रंथी तिथे जवळजवळ नसतातच. त्यामुळे त्यांना सगळ्यात जास्त गरज असते ती आराम मिळण्याची. लोक नेमकं उलटं करतात.

झोंबतंय म्हणजे काम करतंय, हा समज

मेन्थॉल, कापूर, पुदिना, दालचिनी घातलेले लिप बाम खूप खपतात. लावल्याबरोबर गार वाटतं, थोडं चुरचुरतं, आणि गिऱ्हाइकाला वाटतं की गुण येतोय. फुटलेल्या ओठाला ही सगळी द्रव्यं त्रासदायकच. आग होते म्हणून माणूस पुन्हा बाम लावतो, पुन्हा आग होते.

परळच्या एका ऑफिसातली मुलगी आमच्याकडून नेहमी औषधं नेते. पुदिन्याचा बाम दिवसभर तिच्या हातात. ओठ बरे होईनात, तेव्हा तिने मैत्रिणीकडची एक मलमाची ट्यूब लावायला घेतली. दुकानात आली ती तीच ट्यूब आणखी एक हवी म्हणून. मी ट्यूब उलटून पाहिली. स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक, तिन्ही एकत्र.

"अगं, हे कुणी लिहून दिलं तुला?"

"कुणी नाही मॅडम. मैत्रिणीला लागू पडलं होतं. मलाही तीन दिवसांत फरक पडला."

फरक पडणारच. स्टेरॉइडने लाली बसते. पण तिने मलम थांबवलं की ओठांभोवती, हनुवटीपर्यंत बारीक लाल पुटकुळ्या उठायच्या, म्हणून ती ते सोडत नव्हती. मी दुसरी ट्यूब दिली नाही, त्वचेच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी मलम बंद केलं, बाम बंद केला, दालचिनीच्या स्वादाची टूथपेस्टही बदलायला लावली. पहिल्या आठवड्यात तोंड आणखी लाल झालं. बिचारी रडवेली होऊन आली, "ते मलम परत लावू का?" म्हणून विचारायला. अशा वेळी धीर धरणं किती अवघड असतं ते मला दिसतं. पण त्या आठवड्यात जो मलमाकडे परत वळतो, तो पुन्हा तिथूनच सुरुवात करतो. तिने तग धरला. चेहरा पूर्ण निवळायला दोनेक महिने गेले.

म्हणून माझ्या काउंटरवर ओठांसाठी पहिली शिफारस साध्या, बिनवासाच्या पेट्रोलियम जेलीची. रॉबर्ट चेसब्रो यांनी १८७२ साली अमेरिकेत तिचं पेटंट घेतलं, आणि ओठातली ओल उडू न देण्याच्या कामात ती आजही पक्की आहे. स्वस्त डबी बघून लोकांचा विश्वास बसत नाही, याचं मला वाईट वाटतं. घरचंच काही हवं असेल तर दादर-गिरगावात कोकणी मालाच्या दुकानात कोकमाचं तेल, म्हणजे मुठेल, मिळतं. गोळा घट्ट असतो, थोडंसं खरवडून बोटांवर चोळलं की विरघळतं. आमच्या घरात टाचांना आणि ओठांना तेच.

लावायची वेळ मात्र सांभाळा. दात घासून झाल्यावर ओठ टिपून घ्या आणि ओलसर असतानाच लावा. झोपताना जाड थर. नुसतं ग्लिसरीन लावत असाल तर त्यावरही जेलीचा हात फिरवा.

जिभेने ओठ ओले करणं

ही चूक मुलांची, आणि दटावतात मात्र आया. "मॅडम, याला चॉकलेटची ॲलर्जी झालीय बहुतेक," म्हणत आई मुलाला पुढे करते. ओठांच्या बाहेर लालसर काळपट कडं उमटलेलं असतं. मी मुलाला म्हणते, "बाळा, जीभ ओठांभोवती गोल फिरव बघू." जिभेचं टोक बरोब्बर त्या कड्याच्या काठाकाठाने फिरतं. पुढे सांगायला काही उरत नाही, आई बघतच राहते.

थुंकी वाळताना ओठातली ओलही घेऊन जाते. शिवाय थुंकीत अन्न पचवणारी द्रव्यं असतात, ती फुटलेल्या त्वचेला आणखी सोलवटतात. मुलाला रागावून उपयोग नाही, आपण जीभ फिरवतोय हे त्याच्या लक्षातही नसतं. शाळेत जाण्याआधी कड्यासकट जेली लावा, छोटी डबी दप्तरात द्या. जेलीची चव जिभेला आवडत नाही, तिथेच सवय सुटायला लागते.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगते. सुटलेलं सालपट दाताने ओढू नका, बाजूचं चांगलं कातडंही निघतं आणि रक्त येतं. लिंबू-साखरेने ओठ घासू नका, लिंबू लावून उन्हात गेलात तर डाग पडू शकतात. मॅट लिपस्टिक ओठ बरे होईपर्यंत कपाटात. बेंबीत तेल घालून ओठ बरे होत नाहीत, तेच तेल ओठांना लावा. दिवसभर उन्हात काम असेल तर एसपीएफ ३० चा बाम घ्या, खालच्या ओठावर ऊन जास्त पडतं. रात्री नाक चोंदून तोंडाने श्वास चालत असेल तर आधी नाकाचं बघा.

मुरुमांवरच्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर ओठ कोरडे पडणारच, जवळपास सगळ्यांचे पडतात. गोळी मनाने बंद करू नका, जेली वाढवा आणि डॉक्टरांना सांगा. तोंडाचे कोपरेच फुटत असतील तर ते वेगळं दुखणं. बुरशी, लोह किंवा बी-२ जीवनसत्त्व कमी असणं, नीट न बसणारी कवळी, यातलं काहीही असू शकतं. बाम लावत बसून ते कळणार नाही.

आणि मशेरी लावणाऱ्या, खालच्या ओठात तंबाखू धरणाऱ्या मंडळींनी ओठावरचा पांढरा चट्टा किंवा दोन-तीन आठवडे न भरणारी भेग "उष्णता झालीय" म्हणून सोडून देऊ नये. माझ्याकडे जेली मागायला येऊ नका, आधी डॉक्टरांना ओठ दाखवा.