सांधे सुजलेल्या माणसासाठी रोजचं ताट

सासूबाईंना मी आत्या म्हणते. आठ वर्षांपूर्वी त्यांना आमवाताचं निदान झालं. सकाळी मूठ वळायची नाही, निऱ्या मी घालून द्यायची. गोळ्या सुरू झाल्या आणि आजही चालू आहेत. खाण्यानं औषध सुटतं असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. पण सोलापूरच्या आमच्या स्वयंपाकघरात एवढ्या वर्षांत जे टिकलं, ते सांगते.

सगळ्यात आधी जवस. माझं माहेर वेंगुर्ल्याचं, तिथं बांगडा आणि तारली नेहमीची. या माशांच्या तेलातल्या ओमेगा-3 पासून शरीर सूज ओसरवणारे पदार्थ तयार करतं. आत्या माळकरी, त्यांना मासा चालत नाही. जवसातलं ओमेगा-3 वेगळ्या प्रकारचं असतं आणि त्यातलं थोडंच माशातल्या रूपात बदलतं, म्हणून ते कधीमधी खाऊन भागत नाही, रोज हवं. मोठा चमचाभर पूड म्हणजे सुमारे 7 ग्रॅम, त्यात ते दीड ग्रॅमच्या आसपास मिळतं.

जवस मंद आचेवर भाजा, तडतडायला लागले की लगेच परातीत काढा. गार झाल्यावर लसूण, जिरं, लाल तिखट, मीठ घालून बारीक कुटा. अख्खे राहिले तर न पचता तसेच बाहेर पडतात. आत्यांना शेंगाचटणीशिवाय घास उतरत नाही, म्हणून मी निम्मी शेंगाचटणी, निम्मी जवसाची असं मिसळते. आठवड्यापुरतीच करा. खवट वास आला की टाकून द्या, जीव अडकवू नका.

सोबत ज्वारीची भाकरी, मोड आलेली मटकी, चाकवत किंवा अंबाडी. यातला चोथा आपल्याला पचत नाही, पण मोठ्या आतड्यातले जिवाणू तो खातात आणि त्यापासून ब्युटिरेट नावाचं आम्ल बनवतात. आतड्याचं अस्तर त्यावर पोसतं आणि तिथली सूज आवरते. कडधान्य हळूहळू वाढवा. मी एकदम वाढवलं तेव्हा आत्यांचं पोट दोन दिवस फुगलेलं होतं.

तेलाबद्दल मला बरंच ऐकवलं गेलं. करडईच्या तेलात ओमेगा-6 भरपूर, ते सूज वाढवतं, फेकून दे. मी फेकलं नाही. माणसांवरच्या प्रयोगांत या तेलांतलं लिनोलेइक आम्ल, म्हणजे तेच ओमेगा-6, वाढवूनही रक्तात सुजेच्या खुणा वाढलेल्या दिसल्या नाहीत. तळणीचं उरलेलं तेल पुन्हा पुन्हा तापवणं मात्र आमच्याकडे कायमचं बंद आहे.

हळदीवर माझी माया आहे, पण हिशेब सांगितलाच पाहिजे. 1998 साली बंगळूरच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजातल्या प्रयोगात मिऱ्यातल्या पायपरीनमुळे कर्क्युमिन, म्हणजे हळदीतला सुजेवर काम करतो असं मानलेला घटक, वीसपट जास्त अंगी लागलं. तिथं कर्क्युमिन 2 ग्रॅम दिलं होतं. लहान चमचाभर हळदीत ते 0.1 ग्रॅमच्या घरात असतं. तेव्हा फोडणीत हळद आणि वर मिरपूड जरूर घाला, पण तिच्याकडून गोळीचं काम मागू नका. हळदीच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोतच, रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर मुळीच नकोत.

चहा सगळ्यात अवघड गेला. चार कप, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे 32 ग्रॅमच्या वर. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 25 ग्रॅमच्या आत राहणं अधिक चांगलं मानते. जास्तीची साखर वजन वाढवते, आणि पोटावरची चरबी स्वतःच सुजेचे निरोप रक्तात सोडते. ते यकृतात पोचले की सीआरपी, म्हणजे रक्ततपासणीत सूज दाखवणारं प्रथिन, वाढतं. आम्ही दर पंधरा दिवसांनी प्रत्येक कपातली साखर पाव चमच्यानं कमी केली. आता दोन कप, अर्धा अर्धा चमचा.

हे सगळं सुरू करताना भिंतीवरच्या कॅलेंडरला पेन बांधून ठेवा. सकाळी उठल्यावर बोटं मोकळी व्हायला किती मिनिटं लागली, तो आकडा त्या दिवसाच्या चौकटीत लिहा. आत्या तो स्वतः लिहितात. डॉक्टरांकडे जाताना आम्ही ते पान फाडून सोबत नेतो.