गावाचा इतिहास चौकात मांडताना

गावाच्या इतिहासाचे फलक लावायच्या कामात नव्यानं येणारे बहुतेकजण आधी फ्लेक्सवाल्याकडे जातात. आधी जुन्या सरकारी दप्तराकडे जा. पण कोणत्या? वऱ्हाडाचा कारभार १८५३ साली निजामाकडून इंग्रजांकडे आला, १९०३ साली वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला, आणि विदर्भ मुंबई राज्यात आला तो थेट १९५६ साली. म्हणून अकोल्याकडचं खेडं मुंबईच्या जुन्या दप्तरांत धुंडाळू नका, नागपूरच्या अभिलेखागारापासून सुरुवात करा. शिवाय वऱ्हाडात रयतवारी होती, म्हणजे शेतकरी सारा थेट सरकारला भरायचा; मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा मालगुजारानं गोळा करून भरायचा, ती नागपूर-भंडाऱ्याकडची. वऱ्हाडातल्या वाड्याला कोणी ‘मालगुजारांचा वाडा’ म्हटलं, तर कागद मागा.

मजकूर सत्तर-ऐंशी शब्दांपुढे नेऊ नका. ‘हे स्थळ अत्यंत ऐतिहासिक आहे’ हे वाक्य कुठल्याही गावात चालतं, म्हणून ते कुठेच नको. शकुंतला रेल्वेच्या रुळांपाशी फलक लावायचा असेल, तर असं लिहा: ‘समोरच्या दोन रुळांमधलं अंतर मोजा. अडीच फूट भरेल. यवतमाळ-अचलपूरकडचा कापूस यावरून मुर्तिजापूरच्या मोठ्या लाइनीला जायचा.’ माणूस आधी खाली वाकून बघतो, मग पुढचं वाचतो. मीटरभरावरून वाचायचं अक्षर निदान ८ मिलिमीटर हवं, आणि उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडणार नाहीत इतकी मोकळी जागा.

खरी फसगत जमिनीत होते. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. दीड फुटात रोवलेला खांब बघता बघता कलतो. तीन-चार फूट खणा, मुरूम लागला तर उत्तम. निघालेली काळी माती पुन्हा खड्ड्यात लोटू नका, काँक्रीटभोवती मुरूमच ठोकून भरा. फ्लेक्सचा लाल-पिवळा रंग आपल्याकडच्या उन्हात आधी उडतो आणि महापुरुष निळे पडतात. कोरलेला कडप्पा महाग, पण टिकाऊ. चकचकीत स्टील दुपारी डोळे दिपवतं. गढीच्या भिंतीत लोखंडी खिळा तर कधीच नको: गंज फुगतो आणि दगड फोडतो. स्मारक केंद्र संरक्षित असेल तर १०० मीटरच्या आत नव्या बांधकामाला बंदी आहे, त्यामुळे चौथऱ्याचं माप घेण्याआधी पुरातत्त्व खात्याला विचारा.

शाळेच्या खोलीत छोटं संग्रहालय करायचं असेल, तर वस्तू आली त्याच दिवशी नोंदवहीत चढवा: क्रमांक (२०२५.१४ असा, म्हणजे त्या सालची चौदावी वस्तू), देणाऱ्याचं नाव, मिळाल्याची जागा, देणगी की उसनी. हा शेवटचा रकाना कोरा राहिला की त्या घरात वाटणी होताना भांडण शाळेच्या दारात येतं. तांब्याची नाणी लोक हौसेनं चिंचेनं घासून आणतात. त्यात अक्षरं झिजतात, म्हणून आधीच सांगून ठेवा. मोडी कागद लॅमिनेट केले की पुन्हा सोडवता येत नाहीत. ते आम्लरहित फोल्डरात सपाट ठेवा, भिंतीपासून दूर, नाहीतर वाळवी पोचतेच. शेतात नांगराला लागलेली नाणी मात्र परस्पर कपाटात ठेवू नका. १८७८ च्या निखात निधी (जमिनीत पुरलेलं धन) कायद्यानं जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. तोवर दोन्ही बाजूंचे, शेजारी पट्टी ठेवून काढलेले फोटो भिंतीवर लावा.