पेन्शन आणि कराची चर्चा गावात कशी घ्यावी

कापसाची वेचणी आटोपली आणि तूर घरात आली, की यवतमाळकडच्या आमच्या गावांत लोकांना पारावर बसायला थोडी सवड मिळते. त्याच सुमारास केंद्राचा आणि मग राज्याचा अर्थसंकल्प येतो आणि जुन्या पेन्शनपासून जीएसटीपर्यंत सगळे विषय एकदमच निघतात. आम्ही समाजमंदिरात घेतलेली पहिली बैठक अर्ध्या तासात मोडली. गुरुजी जुन्या पेन्शनबद्दल बोलत होते, सूतगिरणीतून निवृत्त झालेले काका ईपीएस-95 बद्दल, म्हणजे भविष्य निर्वाह निधीशी जोडलेल्या पेन्शनबद्दल, आणि एक आजी श्रावणबाळ या राज्याच्या वृद्धांसाठीच्या योजनेच्या पैशांबद्दल. शब्द एकच होता, पण प्रत्येकाच्या मनातली योजना निराळी होती.

म्हणून सर्वांत आधी फळ्यावर योजना वेगवेगळ्या लिहाव्यात. राज्य सरकारच्या सेवेत 1 नोव्हेंबर 2005 पासून आलेल्यांना साधारणपणे शेवटच्या वेतनाच्या निम्म्या रकमेची हमी देणारी जुनी पेन्शन लागू नाही. त्यांच्यासाठी आणलेल्या राष्ट्रीय पेन्शन योजनेत पगारातून 10 टक्के कापले जातात, सरकार 14 टक्के घालते आणि पुढची पेन्शन बाजारात वाढलेल्या रकमेवर ठरते. मार्च 2023 मध्ये राज्यातील कर्मचाऱ्यांनी संप केला, तो याच प्रश्नावर. केंद्राने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी 1 एप्रिल 2025 पासून आणलेल्या एकीकृत पेन्शन योजनेत 25 वर्षांच्या सेवेनंतर शेवटच्या 12 महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या 50 टक्क्यांची हमी आहे, मात्र कर्मचाऱ्याची वर्गणी त्यातही सुटत नाही.

ईपीएस-95 चे गणित फळ्यावर प्रत्यक्ष मांडावे, कारण ते ऐकून कळत नाही. पेन्शनपात्र वेतनाला नोकरीच्या वर्षांनी गुणायचे आणि 70 ने भागायचे. वेतनाची मर्यादा 15,000 रुपये धरली, तर 14 वर्षांच्या नोकरीला महिना 3,000 रुपये येतात. ही मर्यादा 2014 पूर्वी 6,500 रुपये होती, त्यामुळे तेव्हा निवृत्त झालेल्यांच्या हाती याहून फार कमी पडते. किमान पेन्शन 2014 पासून 1,000 रुपयांवर थांबलेली आहे. ती 7,500 करावी या मागणीसाठी आपल्याच विदर्भातल्या बुलढाण्यात वृद्ध पेन्शनर साखळी उपोषणाला बसले, हे बैठकीत आवर्जून सांगावे.

श्रावणबाळ योजनेसाठी वय 65 आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत असावे लागते. ही मर्यादा माझ्या मते सर्वांत अन्यायकारक आहे. रोजमजुरीचे वर्षभराचे पैसे खरेच मोजले, तर 21,000 च्या आत राहणारे घर सापडणे कठीण, म्हणजे गरिबाला दाखल्यावर खोटा आकडा लिहून घेण्यावाचून मार्ग उरत नाही. महिन्याला मिळणाऱ्या 1,500 रुपयांत केंद्राचा वाटा 80 वर्षांखालील लाभार्थ्यासाठी केवळ 200 रुपयांचा आहे. आजीबाईंचे पासबुक उघडून पैसे कोणत्या महिन्यात आले आणि कोणत्या महिन्यात आले नाहीत, ते सर्वांसमोर वाचावे.

यानंतर कराकडे वळावे. "कास्तकार कुठे कर भरतो?" हा प्रश्न कोणीतरी विचारतोच. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, हे खरे आहे. त्यावर भांडू नये, कृषी केंद्राचे बिल पुढे ठेवावे. कीटकनाशकाची किंमत 3,000 रुपये असेल, तर खाली केंद्राचे 9 टक्के आणि राज्याचे 9 टक्के मिळून 540 रुपये लागलेले दिसतात. व्यापाऱ्याला भरलेल्या जीएसटीची वजावट मिळते, कास्तकाराला मिळत नाही. सप्टेंबर 2025 मध्ये ट्रॅक्टर आणि ठिबकवरचा दर 12 वरून 5 टक्के झाला, परंतु रासायनिक कीटकनाशके 18 टक्क्यांतच राहिली. डिझेल तर जीएसटीत नाहीच, त्यावर उत्पादन शुल्क आणि व्हॅट वेगळे लागतात.

गुरुजी आणि कास्तकार यांना एकमेकांसमोर उभे करणारी मांडणी सूत्रधाराने तिथल्या तिथे थांबवावी. सरकारी पेन्शनचा खर्च कोणत्या करातून भागवायचा हा प्रश्न रास्त आहे आणि तो विचारलाच पाहिजे, पण एकाची पेन्शन तोडल्याने दुसऱ्याच्या आजीचे 1,500 आपोआप वाढत नाहीत.

ठराव करताना मागणी योग्य दारी न्यावी. ईपीएसचा निर्णय केंद्राचा, शिक्षकांच्या पेन्शनचा आणि श्रावणबाळच्या रकमेचा राज्याचा. जीएसटीचे दर केंद्र आणि राज्यांची जीएसटी परिषद ठरवते, तिथे केंद्राचे मत एक तृतीयांश असते, सर्व राज्यांचे मिळून दोन तृतीयांश आणि निर्णयाला तीन चतुर्थांश लागतात. म्हणून कीटकनाशकावरील दराची मागणी राज्याच्या अर्थमंत्र्यांकडे पाठवताना "परिषदेत मांडावी" असे स्पष्ट लिहावे. एका ठरावात एकच मागणी ठेवावी, ग्रामसभेच्या इतिवृत्तात तिची नोंद झाल्याची खात्री करावी आणि प्रत देताना दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी. डिसेंबरात नागपूरला अधिवेशन भरते तेव्हा आमदारांसमोर ठेवायला तीच पोच हाती असावी लागते.