रूट पार्टिशनला किती जागा द्यायची? इन्स्टॉलर उघडायच्या आधी हे बघून घ्या

लिनक्स टाकायला बसायच्या आधी वही घ्या आणि रूटमध्ये (डिस्कच्या ज्या भागात, म्हणजे पार्टिशनमध्ये, सिस्टिम आणि प्रोग्राम्स राहतात त्यात) काय काय राहणार आहे ते लिहून काढा, पार्टिशनच्या स्क्रीनवर येऊन अंदाजाने आकडा टाकू नका. मी एकदा २० जीबी देऊन मोकळा झालो, सिस्टिम तर ८-१० जीबीतच बसते ना म्हणून, आणि नंतर डॉकर (अ‍ॅप्स वेगवेगळ्या डब्यांत चालवणारं टूल) टाकलं, दोन-चार इमेजेस (त्या डब्यांच्या तयार फाइल्स) ओढल्या आणि एका सकाळी पासवर्ड बरोबर टाकूनही स्क्रीन परत लॉगिनवरच येत होती. टर्मिनलवरून बघितलं तर रूट १०० टक्के भरलेलं.

आधीपासून लिनक्स वापरत असाल तर डीएफ (df) कमांड मारून आत्ता किती भरलंय ते बघा, आणि डीयू (du, फोल्डरने किती जागा खाल्ली ते सांगणारी कमांड) लावून व्हार (/var) फोल्डर नीट तपासा, कारण खरी गंमत तिथेच असते: डॉकरच्या इमेजेस, सगळ्या युजर्ससाठी टाकलेली फ्लॅटपॅक अ‍ॅप्स, स्नॅप अ‍ॅप्स (स्नॅप जुनी व्हर्जन्सही ठेवतं), एप्ट या पॅकेज मॅनेजरने डाउनलोड केलेली पॅकेजेस, लॉग्स. सिस्टिमडीचं जर्नल (सिस्टिमचे लॉग्स) डिफॉल्टला फाइलसिस्टिमच्या १० टक्के, जास्तीत जास्त ४ जीबीपर्यंत जाऊ शकतं. स्वॅप फाइल (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची फाइल) करणार असाल तर तीही सहसा रूटमध्येच, आणि हायबरनेट हवं असेल तर ती रॅमएवढी तरी धराच. टाइमशिफ्टचे स्नॅपशॉट (सिस्टिम मागच्या स्थितीला नेण्यासाठीच्या प्रती) शक्यतो दुसऱ्या पार्टिशनवर पाठवा. एक्स्ट४ (लिनक्सची नेहमीची फाइलसिस्टिम) डिफॉल्टला ५ टक्के जागा रूट युजरसाठी (म्हणजे अ‍ॅडमिन खात्यासाठी) राखून ठेवतं, म्हणजे ६० जीबीतले ३ जीबी तुम्हाला मिळतच नाहीत, हेही हिशोबात धरा.

होम (तुमच्या स्वतःच्या फाइल्सचं फोल्डर) वेगळ्या पार्टिशनवर ठेवणार की नाही हे आधीच ठरवा. एकत्र ठेवणार असाल तर सगळी डिस्क रूटलाच द्या, विषय संपला. वेगळं असेल तर माझ्या मते रूटला साध्या वापरासाठी ४० ते ५० जीबी, फ्लॅटपॅक आणि डेव्हलपमेंट असेल तर ८० ते १०० जीबी. डॉकर जोरात चालणार असेल तर त्याचा डेटा वेगळ्या पार्टिशनवरच टाका.

आणि डिस्कवर रूटच्या लगेच नंतर शक्य असेल तर थोडी जागा मोकळी सोडा, हे मी अगदी कळकळीने सांगतोय. एक्स्ट४ चालू सिस्टिममध्ये वाढवता येतं, पण लहान करायला अनमाउंट करावं लागतं, म्हणजे लाइव्ह यूएसबी आलीच, आणि एक्सएफएस ही दुसरी फाइलसिस्टिम तर जवळपास लहान करताच येत नाही. रूटच्या लगेच नंतर होम चिकटलेलं असेल तर आधी ते लहान करून अख्खं सरकवायचं, त्याला तासन् तास लागू शकतात आणि मध्येच लाइट गेली तर डेटा गेलाच समजा, म्हणून त्याला हात लावायच्या आधी बॅकअप घ्या. एलव्हीएम (पार्टिशनची जागा हवी तशी वाटून देणारी व्यवस्था) केलंत तर ही सरकवासरकवी करावीच लागत नाही.