फ्लॅट विकायच्या आधी ओल काढली, माझा अनुभव

नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ टू बीएचके, गॅलरीतून पांडवलेणीचा डोंगर दिसतो, तरी गिऱ्हाईक यायचं, बेडरूमच्या भिंतीचे पोपडे बघायचं आणि "कळवतो" म्हणून जायचं. पेंटर म्हणे वरून पुट्टी मारू, कळणार पण नाही. म्हटलं नको, पावसाळ्यात परत फुगणार. भिंतीपलीकडे बाथरूम, तिथले टाइल्सचे सांधे खरवडून इपॉक्सी ग्राउट (पाणी झिरपू न देणारं फिलर) भरलं, गळका नळ बदलला, मग भिंत पूर्ण वाळू दिली (इथेच लोक घाई करतात) आणि मगच पुट्टी, ऑफव्हाइट कलर. जुनं लोखंडी कपाट भावाकडे पाठवलं, खोली एकदम मोठी वाटायला लागली. इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा), घरपट्टीची पावती, सोसायटीची एनओसी एका फाइलीत. ओल कुठे होती ते पण स्वतःच दाखवायचो, आई चिडायची कशाला सांगतोस म्हणून, पण ज्यांनी घेतला त्यांनी त्यावरून भाव पाडला नाही.