गवंडीकाम करणाऱ्या वडिलांचं आयुष्य कसं लिहून ठेवावं

‘कष्टाळू, प्रेमळ, कुटुंबवत्सल’ हे शब्द कुणाच्याही फोटोखाली चालतात, म्हणून ते आधी बाजूला ठेवा. हातानं काम करून घर चालवलेल्या माणसाबद्दल लिहायचं असेल, तर सुरुवात त्याच्या कामापासून करा. माझे वडील, आमचे अण्णा, गवंडी होते. ते गेल्यावर मी वही उघडली आणि पहिल्या पानावर एकच प्रश्न लिहिला: अण्णा भिंत कशी बांधायचे?

उत्तर लिहिता लिहिता पानं भरली. विटा चांगल्या भिजल्याशिवाय ते कामाला हात घालत नसत, कारण कोरडी वीट सिमेंट-वाळूच्या मालातलं पाणी ओढून घेते आणि सांधा कच्चा राहतो. माल थोडा थोडाच कालवायला लावायचे. पाणी पडल्यावर सिमेंट फार वेळ थांबत नाही. धरायला लागलेल्या मालात पुन्हा पाणी ओतून तो वापरणं त्यांना अजिबात मंजूर नव्हतं, उरलेला माल टाकून द्यायचे. थर चढत गेले की ओळंबा, म्हणजे दोरीला बांधलेलं वजन, सोडून बघायचे, डोळ्याला भिंत सरळ दिसत असली तरी. आणि बांधकामावर निदान ७ दिवस पाणी मारलंच पाहिजे. मालक विसरला, तर सुट्टीच्या सकाळी स्वतः जाऊन मारून यायचे. त्याचे पैसे कुणी देत नव्हतं.

तुमचे वडील सुतार असतील, वायरमन असतील, शिंपी असतील. त्यांच्या कामातल्या अशा पायऱ्या, त्यामागची कारणं आणि त्यांची खास सवय लिहा. कारण ठाऊक नसेल तर त्याच धंद्यातल्या माणसाला विचारा.

विचारायचं कुणाला, हे नीट ठरवा. नातेवाईक चांगलंच बोलतात, पण त्यांनी वडिलांना कामावर पाहिलेलं नसतं. मला सगळ्यात जास्त सांगितलं ते अण्णांच्या हाताखाली बिगारी म्हणून आलेल्या आणि पुढे स्वतः मिस्त्री झालेल्या माणसानं. एकदा त्यानं बांधलेले थर अण्णांनी पाडायला लावले होते. सगळ्यांसमोर पाणउतारा झाला म्हणून तो रडकुंडीला आला. मग अण्णा शेजारी बसले, दोरी बांधली आणि तेच थर त्याच्याबरोबर पुन्हा रचले. त्या दिवशी त्याची हजेरी पूर्ण लावली. ही गोष्ट आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हती.

‘ते कसे होते?’ असं विचारू नका, त्याला ‘देवमाणूस’ एवढंच उत्तर येतं. कामावर आल्या आल्या काय करायचे, कुठल्या कामाला नाही म्हणाले, पैसे अडकले तेव्हा काय केलं, दुसऱ्याचं वाईट काम दिसलं की काय बोलायचे, असं नेमकं विचारा. मग गप्प बसा. चांगली आठवण बऱ्याचदा त्या शांततेनंतर येते.

बोलणं फोनवर रेकॉर्ड करा, अर्थात परवानगी घेऊन. पंखा बंद, फोन फ्लाइट मोडवर आणि बोलणाऱ्याच्या जवळ. सुरुवातीला त्याचं नाव, तारीख आणि वडिलांशी नातं त्याच्याच तोंडून येऊ द्या. अमेरिकेत २००३ साली सुरू झालेल्या ‘स्टोरीकॉर्प्स’ उपक्रमात ओळखीची दोन माणसं साधारण ४० मिनिटं एकमेकांशी बोलतात. घरी बसतानाही तेवढाच वेळ धरा, वयस्कर माणूस त्यानंतर थकतो. फाइलला नाव-तारीख द्या आणि ३ प्रती ठेवा, त्यातली एक दुसऱ्या कुणाच्या घरी.

हत्यारं घासूनपुसून चकचकीत करू नका. अण्णांच्या थापीचं पातं एका बाजूनं झिजलं आहे आणि मुठीवर अंगठ्याचा खळगा पडला आहे. घासलं असतं तर हेच गेलं असतं. कोरड्या फडक्यानं पुसायचं, लोखंडाला तेलाचा पातळ हात द्यायचा, बस्स. हिशेबाच्या वह्या मात्र पानन्‌पान वाचा. कुणाला उचल दिली, कुणाकडे बाकी राहिली आणि कुठली बाकी त्यांनी काट मारून सोडून दिली, हे तिथं दिसतं. जुने फोटो ३०० डीपीआयवर (म्हणजे इंचाला ३०० ठिपके) स्कॅन करा, अगदी लहान असतील तर ६०० वर. मागे नावं लिहायची तर मऊ पेन्सिलीनं, हलक्या हातानं. लॅमिनेशन नको, ते पुन्हा काढता येत नाही.

त्यांनी केलेली कामं बघून या, जमलं तर त्यांच्या कामावरच्या जोडीदाराला बरोबर घेऊन. गवंड्याचं बरंचसं काम गिलाव्याखाली झाकलं जातं. ‘ही भिंत त्याची’ हे सांगणारा माणूस आहे तोवरच ते कळतं, म्हणून हे सगळ्यात आधी उरका.

घराबद्दल लिहिताना धंदा उंबऱ्याबाहेर ठेवू नका. अण्णा आमच्या वाट्याला फार कमी वेळ यायचे आणि मला ते खुपायचं. तेही मी लिहिलं आहे. पण त्यांनी मला फरशीवर खडूनं काटकोन काढायला शिकवला होता: एका बाजूला ३ फूट, दुसरीला ४, आणि तिरकी दोरी बरोबर ५ भरली की कोपरा काटकोनात. शाळेत पायथागोरसचा सिद्धान्त आला तेव्हा माझ्यासाठी ती अण्णांची दोरी होती. सिमेंटनं त्यांच्या बोटांना भेगा पडायच्या, म्हणून माझं प्रगतिपुस्तक ते दोन्ही तळव्यांमध्ये धरायचे, पानाला बोट लागू नये म्हणून. त्यांच्या मायेबद्दल याहून जास्त लिहायची मला गरज वाटली नाही.

राग, व्यसन, कर्ज, भांडणं असतील तर लपवू नका, पण ज्यांना ते भोगावं लागलं त्यांना आधी विचारा. आई ‘हे नको’ म्हणाली, तर ते नको.

जन्म, लग्न, पहिलं स्वतंत्र काम अशा तारखा शेवटी एका पानावर द्या. नक्की माहीत नसेल तिथं ‘सुमारे’ लिहा. चारचौघांत बोलायचं असेल तर कामाची एक आणि घरची एक गोष्ट निवडा. ५ मिनिटांना ५००-६०० शब्द पुरतात, तेही मोठ्या अक्षरात छापून घ्या, कारण डोळे भरून येतात.

छापण्याआधी मजकूर दोघांना वाचून दाखवा: एक घरातलं, एक कामावरचं. कामावरचा माणूस हत्यारांची नावं आणि कामाचा क्रम दुरुस्त करेल, घरचं माणूस तारखा. मग प्रती काढा आणि त्यांच्या हाताखाली राबलेल्या माणसांनाही द्या. शेवटी काही पानं कोरी ठेवा, त्यांच्याकडेही लिहिण्यासारखं असतं.