डोकं चालायला ताटात काय हवं: गरोदरपणापासून आजीपर्यंत, सगळं गोव्याच्या बाजारातलंच

परीक्षा जवळ आली की बदाम, अक्रोड आणि जाहिरातीतली ती चॉकलेटी पावडर यांचा खप वाढतो आणि आईबाबांना वाटतं झाली डोक्याची सोय. पैसे तुमचे, मी काय बोलणार. पण मेंदूला स्पेशल खाऊ वगैरे काही लागत नाही ओ, त्याला काही ठराविक गोष्टी कमी पडल्या की मात्र तो कुरकुरायला लागतो, आणि कुठल्या वयात काय कमी पडतं हे बरंचसं माहीत आहे. मेंदूचं वजन शरीराच्या 2 टक्के, आणि आपण नुसते बसलेलो असलो तरी खर्च होणाऱ्या ऊर्जेतली 20 टक्के हाच खातो. म्हणून वयाप्रमाणे काय बघायचं ते लिहितोय.

पहिलं मीठ. आपल्याकडे बऱ्याच घरांत दोन मिठं असतात, एक पाकिटातलं बारीक आणि दुसरं गावठी, हडफडे नाहीतर आगरवाड्याच्या बाजूचं, जाडं, करडट. हे गावठी मीठ कैऱ्या चेपणीला घाला, मासळी खारवायला वापरा, पावसाळ्यात माडाच्या मुळात घाला, पण रोजच्या जेवणात तेवढंच वापरत असाल तर थांबा. समुद्राचं आहे म्हणजे त्यात आयोडीन असणारच असं लोक अगदी छातीठोक सांगतात, आणि ते चूक आहे, मीठ सुकवताना त्यात नावापुरतंच उरतं. आयोडीन कमी पडलं तर थायरॉइडचं हार्मोन कमी तयार होतं आणि पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ त्याच हार्मोनवर चालते. टाळता येण्यासारख्या मेंदूच्या नुकसानाचं जगातलं सगळ्यात मोठं कारण म्हणून आयोडीनची कमतरताच सांगतात. मोठ्या माणसाला दिवसाला 150 मायक्रोग्रॅम, गरोदर बाईला 250. मासे खाणाऱ्यांना नुस्त्यातूनही थोडं मिळतं, पण शिवराक (शाकाहारी) घरात सगळी मदार मिठावर. तेव्हा पाकिटावर आयोडीनयुक्त लिहिलेलं बघून घ्या, झाकणाच्या बरणीत ठेवा आणि चुलीपासून लांब, कारण दमट हवेत उघडं राहिलं की आयोडीन उडत जातं. आमटीत मीठ शेवटी घातलं तर अजून बरं. आणि आयोडीन हवं म्हणून मीठ जास्त नाही खायचं हां, तेवढंच खायचं, फक्त हे खायचं.

गरोदरपणात दुसरी गोष्ट फॉलिक ॲसिड, आणि ती बहुतेकांना उशिरा कळते. बाळाच्या मेंदूची आणि कण्याची नळी गर्भ राहिल्यापासून 28 दिवसांत बंद होते, म्हणजे पाळी चुकल्याचं लक्षात येऊन डॉक्टरकडे जाईपर्यंत बऱ्याचदा काम उरकलेलं असतं. म्हणून मूल हवं असं ठरलं की लगेच रोजची 400 मायक्रोग्रॅमची गोळी सुरू करायची, आधी ही नळी नीट बंद न झालेलं बाळ झालेलं असेल तर डोस बराच मोठा लागतो, तो डॉक्टरच ठरवतील.

तिसरं मासे. मेंदूच्या पेशींच्या भिंतीत डीएचए नावाची ओमेगा-3 प्रकारची चरबी असते आणि ती सगळ्यात सोपी मिळते बांगड्यांत आणि तारल्यांत, म्हणजे बाजारातल्या स्वस्त नुस्त्यात (मासळीत)! इसवणाच्या तुकड्यासाठी खिसा रिकामा करायची काहीच गरज नाही. उलट मोरी (शार्क) आणि तसल्या मोठ्या शिकारी माशांत पारा साचत जातो, तो बाळाच्या मेंदूला वाईट, त्यामुळे गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी मोरी नको. आठवड्यात दोनतीनदा लहान मासे पुरे. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते तेव्हा आपण सुक्यावर येतो, पण सुकं म्हणजे मीठच मीठ, ते चवीपुरतं, आणि पोटासाठी अंडी आणि कडधान्यं.

आता बाळ. सहा महिने फक्त आईचं दूध, त्यानंतर वरचं सुरू, आणि इथेच घरोघरी घोळ होतो. आजी प्रेमाने पेजेची निवळ पाजते, बाळ शांत झोपतं, सगळे खूश. पोट भरलेलं असतं पण आत पाणीच. साधी टेस्ट आहे, चमचा तिरका करा, भरडी पेज हळूहळू घसरली पाहिजे, पाण्यासारखी सांडली तर अजून घट्ट करा. त्यात कुस्करलेली मुगाची डाळ, अंडं, काटे नीट काढलेला मासा, वरून तूप नाहीतर खोबरेल थेंबभर. सहा महिन्यांनंतर बाळाचा जन्मतःचा लोहाचा साठा संपत येतो म्हणून हे. वर्षाआत मध आणि मीठ नको, मधातून बोट्युलिझम ही गंभीर विषबाधा होऊ शकते. नाचणीचं तिजाण (खीर) छान, कॅल्शियम भरपूर, पण लोहासाठी एकट्या तिजाणावर विसंबू नका. 1969 पासून काही वर्षं ग्वाटेमालातल्या काही खेड्यांत लहान मुलांना प्रोटीन असलेली मक्याची पेज आणि बाकीच्या खेड्यांत नुसतं गोड सरबत असं देऊन बघितलं होतं, ज्यांना लहानपणी पेज मिळाली ती मोठेपणी वाचनाच्या चाचणीत पुढे निघाली. पहिली दोनतीन वर्षं का महत्त्वाची ते यावरून समजा.

शाळेतल्या मुलांचं मुख्य दुखणं ॲनिमिया. 2019 ते 21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातली पाच वर्षांखालची, म्हणजे शाळेत जायच्या आधीचीच, 67 टक्के मुलं ॲनिमिक निघाली होती. लोह कमी असलेलं मूल आळशी वाटतं, वर्गात लक्ष नाही म्हणून ओरडा खातं, आणि आपण त्याला ट्यूशनला घालतो. तांबडी भाजी करता ना? करा, पण तिच्यातलं लोह शरीरात नीट शिरायला लिंबू, आवळा, पेरू असं काहीतरी आंबट किंवा सी व्हिटॅमिनवालं सोबत हवं, आणि जेवणाच्या आगेमागे तासभर चहा नको. शाळेत आठवड्याची लोहाची निळी गोळी देतात ती खिडकीतून टाकायची नाही हे मुलींना खास सांगा, पाळीमुळे त्यांचं लोह जास्त जातं. जंताची गोळीही घ्यायची.

सकाळच्या खाण्यात मात्र गोवेकर नशीबवान. पोदेराची (पाववाल्याची) पोळी आणि अळसांद्याची (चवळीची) पातळ भाजी, कोंडा आणि प्रोटीन एकाच ताटलीत, दुपारपर्यंत मूल तग धरतं. फक्त काही पोळ्यांत कोंडा नुसता वर भुरभुरलेला असतो, फोडून बघा, आत पांढरी असेल तर तो पावच. मिरची भजी आणि चहा हा नाश्ता नाही, ती मौज आहे, रविवारी करा. कॉलेजवाल्यांना एकच, रात्री जागायला एनर्जी ड्रिंक नको, कॅफिन पाचएक तासांनी अर्धंच उतरतं, मग झोप गेली आणि वाचलेलंही गेलं.

चाळिशीपासून पुढे विषय बदलतो, आता काय कमी पडतं यापेक्षा काय जास्त होतंय ते बघायचं. 2023 मध्ये आलेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) मोठ्या सर्वेक्षणात मधुमेहात गोवा देशात पहिला, 26.4 टक्के. पहिला नंबर आला म्हणून पेढे वाटायची गोष्ट नाही ही. साखर आणि बीपी वर्षानुवर्षं वाढलेलं राहिलं की मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात आणि म्हातारपणी विसराळूपणा तिथून येतो. शीत (भात) सोडा असं मी म्हणणार नाही, कोणी ऐकणारही नाही, पण क्रम बदला, आधी भाजी आणि मासा, मग शीत-हुमण (हुमण म्हणजे माशाची आमटी), आणि शिताचा डोंगर थोडा खाली आणा. असं खाल्लं की साखर कमी उसळते, दुपारची पेंगही कमी. उकडे तांदूळ असतील तर उत्तम, उकडताना कोंड्यातलं बी1 व्हिटॅमिन दाण्यात उतरतं. फेणीबद्दल, रोज पिऊन जेवण टाळणाऱ्यांना बी1 कमी पडून कायमची स्मृती जाऊ शकते, याला वेर्निके-कोर्साकोफ म्हणतात. गंमत नाही. आणि खोबरेल तेलाने अल्झायमर बरा होतो हे व्हॉट्सॲपवरचं सोडून द्या, तसा पुरावा नाही.

आजी-आजोबांचं जेवण नीट बघा, आपण बघत नाही. संध्याकाळी चहा-बटर, रात्री पेज आणि चेपणीचं तोर (मिठात मुरवलेली कैरी), संपलं. प्रोटीन शून्य, मीठ भरपूर. त्याच पेजेत मूग घाला, एक अंडं द्या, दात नसतील तर तारले शिजवून काटे काढून कुस्करून द्या. आणि बी12 व्हिटॅमिन तपासून घ्या! वय वाढलं की पोटातलं ॲसिड कमी होतं आणि बी12 नीट शोषलं जात नाही, त्यात मधुमेहाची मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर अजूनच. विसरणं, पायाला मुंग्या, तोल जाणं, हे सगळं यातून होऊ शकतं आणि वेळेत सापडलं तर गोळ्या-इंजेक्शनने सुधारतं. नुस्तं खाणाऱ्या घरात तिसऱ्या (शिंपल्या) म्हणजे बी12 चा खजिना, पूर्ण शिवराक माणसाला मात्र दुधा-दह्याशिवाय फारसं काही नाही, त्यांनी गोळीचं डॉक्टरला विचारावंच.

कुठला एकच खास डाएट मेंदू वाचवतो का? माइंड डाएट नावाचा, पालेभाज्या, सुकामेवा, मासे यांवर भर असलेला, बराच गाजला, पण 2023 च्या ट्रायलमध्ये 604 जणांवर तीन वर्षं करून बघितल्यावर साध्या कमी कॅलरीच्या जेवणापेक्षा ठळक फरक दिसला नाही. उलट 2015 ला फिनलंडच्या ट्रायलमध्ये जेवण, व्यायाम, मेंदूला काम आणि बीपी-साखरेवर लक्ष असं सगळं एकत्र दोन वर्षं केलं तर 60 ते 77 वयाच्या लोकांना फायदा दिसला. म्हणजे आजोबांना तारले खाऊ घालून दिवसभर टीव्हीसमोर बसवून ठेवायचं नाही.

अजून एक, हे जेवणाने सुटत नाही म्हणून वेगळं सांगतो. म्हातारं माणूस एकदोन दिवसांतच अचानक बरळायला लागलं, माणसं ओळखेना, तर ते वय झालं म्हणून सोडू नका. म्हाताऱ्यांना तहान कळत नाही, एप्रिल-मेच्या उकाड्यात पाणी कमी पडतं, आणि बीपीसाठी लघवी होणारी गोळी चालू असेल तर रक्तातलं सोडियम उतरतं. इन्फेक्शननेही असं होतं. अशा वेळी लिंबूपाणी पाजत घरी बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पिशवी सोबत घ्या.